दीड एचच्या पलीकडचे कण खरंच दिसणार का?

टिळकवाडीकर: महास्फीतीत, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीच्या अतिवेगवान प्रसरणात, निपजलेल्या जड कणांवरच्या कालच्या धाग्यात कुणीतरी लिहिलंय, "त्रिबिंदू सहसंबंधात जड कणांची सही आहेच, फक्त वाचायची बाकी." (म्हणजे आकाशातल्या तीन-तीन ठिकाणच्या घनतेच्या चढउतारांच्या नात्यात.) चीड आली. हिशेब मांडा की! एच म्हणजे महास्फीतीतला प्रसरणाचा दर, वस्तुमान त्याच्या पटीत मोजायचं. वस्तुमान २.५ एच धरलं तर म्यू, म्हणजे सहीतल्या दोलनाची वारंवारता, २ येतो. कण निपजण्याची घट ई-चा उणे पाय-म्यू घात, म्हणजे ५३५त एक. दोलनाच्या एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंत आखूड आणि लांब लहरींच्या तरंगसंख्यांचं गुणोत्तर २३ पट, आणि तेवढ्यात त्याच्या दीड घातानं उंची ११० पट खाली. प्लांक उपग्रहाचा स्थानिक एफएनएल (त्रिबिंदू सहसंबंधाच्या एका ठराविक साच्याची ताकद) उणे ०.९, चूक ५.१. यात काय वाचणार?

खानापूरचा: मग हलका कण घ्या की ओ. १.८ एच, म्यू १. घट २३त एक.

टिळकवाडीकर: आणि एका आवर्तनाला ५३५ पट! प्लांकचे बहुध्रुव (आकाशातल्या कोनीय मापांचे क्रमांक) २ ते २५००, त्यात जेमतेम एक आवर्तन बसतं. एका लाटेवरून वारंवारता कशी ठरवणार?

निपाणीकर: नवख्यांसाठी: शिखरं सारख्या अंतरावर नसतात, सारख्या पटीत असतात. पेटीवर सा, वरचा सा, त्याच्या वरचा सा, तसं.

शहापूर पेटी: सप्तकापुरतं बरोबर. मधल्या स्वरांना हात लावू नका, समतानातला (सप्तकाचे बारा सारखे भाग केलेला) गांधार शुद्धापेक्षा १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या शंभराव्या भागाच्या १४ पट, चढा असतो.

निपाणीकर: म्हणूनच १९४० ते १९७१ आकाशवाणीवर पेटीला बंदी होती!

शहापूर पेटी: मींड (स्वरातून स्वरात घसरत जाणं) निघत नाही हाही आक्षेप होता, अर्धंच सांगू नका. पेटीवादक रामभाऊ विजापुऱ्यांच्या बेळगावात पेटीला कमी लेखलेलं चालणार नाही. आणि श्रुती लावून घेतलेली पेटी मिळते, सूर कानानं घासून लावतात.

खानापूरचा: पेटी पुरे! भौतिकशास्त्रज्ञ अर्कानी-हमेद आणि माल्डासेना यांच्या २०१५च्या मांडणीत नुसतं वस्तुमान नाही, स्पिनही (कणाची अंगभूत फिरकी) आहे. लांब आणि आखूड लहरींमधल्या कोनाप्रमाणे लेजांद्र बहुपदी (कोनाप्रमाणे बदलणारा ठराविक गणिती आकार) उमटते, स्पिन २ असेल तर दुसरी. कणांच्या टकरी घडवणारं एलएचसी यंत्र १३.६ टीइव्हीवर (१ टीइव्ही म्हणजे १००० जीइव्ही) थांबतं. इथे एचची वरची मर्यादाच ५×१०¹³ जीइव्हीच्या आसपास आहे. एवढ्या उर्जेचं दुसरं यंत्र दाखवा. आणि रासायनिक विभव (कण निपजायला ऊर्जा पुरवणारी मॉडेलातली जोड) असेल तर तुमची ती ई-घाताची घट बरीच भरून निघते.

टिळकवाडीकर: निघते, मान्य. पण तो विभव मॉडेलात हातानं घालावा लागतो, आणि दीड घाताची उतरण तरीही राहतेच. बॉस सर्वेक्षणातल्या दीर्घिकांतही शोधून झालं, ठोस काही हाती लागलं नाही.

खानापूरचा: स्फिअरेक्स हे दुर्बिणीचं यान मार्च २०२५मध्ये अवकाशात गेलंय, स्थानिक एफएनएलची चूक १च्या खाली आणायला.

टिळकवाडीकर: स्थानिकची. दोलनाची नव्हे. दीर्घिकांत गुरुत्वाकर्षण स्वतःच त्रिबिंदू सहसंबंध तयार करतं, तो आधी वजा करा, दीर्घिकांचा बायस (त्या द्रव्याचं वाटप किती पटीनं दाखवतात) मोकळा सोडा, मग उरेल त्यात शोधा.

खानापूरचा: तेच तर करतायत.