आयरिश 'फेअरी'ला परी म्हणायचं का?

शाईपेन : आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ या काळात तिथल्या लोकसाहित्य आयोगाने प्राथमिक शाळांतल्या मुलांकडून गावोगावच्या जुन्या गोष्टी लिहून घेतल्या. सुमारे ५,००० शाळा, ५०,००० च्या आसपास मुलं. घरच्या म्हाताऱ्यांना, शेजाऱ्यांना विचारायचं आणि वहीत उतरवायचं: पुरलेलं धन, मोठा दुष्काळ, झाडपाल्याची औषधं, पावसाचे आडाखे. त्यातल्या काही नोंदी मी मराठीत करते आहे. 'फेअरी फोर्ट'पाशी अडले. शेतात मातीच्या गोल बांधाची जुनी जागा असते, आयरिशमध्ये 'लिस'. तिथे 'ते' राहतात म्हणून कुणी नांगर घालत नाही, हॉथॉर्नचं झाड तोडत नाही. संपादकांना 'पऱ्यांचा किल्ला' चालतोय. मला दोन्ही शब्द खटकतात.

रावसाहेब_जुने : परीच ठेवा. मुलांना चटकन कळेल. शब्द फारसीतून आलाय म्हणून बिचकायचं, तर कागद आणि शाई पण सोडावी लागेल.

सातेरी : फारसीचा प्रश्नच नाही हो. परी म्हटलं की पंख आणि चांदणीची काठी. जिच्या भीतीने गडी कुऱ्हाड खाली ठेवतो ती परी कशी? आमच्या सिंधुदुर्गात अशा जागेला राखणदार असतो, देवचार. तिन्हीसांजेला आजोबा त्याचं नाव घेऊ देत नसत.

शाईपेन : नाव न घेणं तिकडेही आहेच! 'भली माणसं' म्हणतात, ती रागावू नयेत म्हणून. आपण 'देवी आल्या' म्हणायचो तसं.

तापीकाठ : मग साती आसरा का नको? त्यांनाही लोक बिचकूनच असतात. शब्द 'अप्सरा'वरून आलाय, म्हणजे परीच्या जवळचा.

सातेरी : आसरा पाण्याच्या. डोह, विहीर, नदीचा काठ. कोरड्या शेतात त्या कशाला येतील? माझी आत्या तर आसरा 'आश्रय'वरून आला म्हणायची.

तापीकाठ : आत्यांचा मान राखून सांगतो, आश्रयाचा आसरा वेगळा.

रावसाहेब_जुने : देवचार लिहिलात तर विदर्भातल्या मुलाला तळटीप द्यावी लागेल. 'यक्ष' घ्या, जखीण त्यातूनच आली.

सातेरी : यक्ष पुस्तकातला. या वह्यांमध्ये आजीचं बोलणं आहे ना?

गावगाडा : किल्ल्याबद्दल कुणीच बोलत नाही. त्या जागा लढाईच्या नव्हेतच. बहुतेक सगळ्या हजार-पंधराशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्त्या, घराभोवती मातीचा बांध घातलेला. त्याला मराठीत शब्द आहे: पांढर. वस्ती उठून गेल्यावर उरलेलं पांढरीचं टेकाड आमच्याकडे कुणी खणत नाही.

रावसाहेब_जुने : पांढर म्हणजे अख्ख्या गावाची वसती, काळी म्हणजे शेतजमीन. एका कुटुंबाच्या वाड्याला पांढर कशी म्हणणार? त्यापेक्षा गढी बरी.

गावगाडा : गढी म्हटलं की देशमुख आलेच. तिथे साधे गुराखी-शेतकरी राहायचे.

शाईपेन : 'टेकाड' मला आवडलं. आयरिशमध्ये 'शी' म्हणजे टेकाडच, आणि त्यात राहणारे ते 'टेकाडातले लोक'. अजून एक. संपादकांनी या सगळ्या नोंदींवर 'अंधश्रद्धा' असं शीर्षक घातलंय.

तापीकाठ : घालू द्या की. झाड तोडलं तर माणूस मरतो, याला दुसरं काय म्हणणार? मुलांसाठी छापताय, तर स्पष्ट लिहायला हवं.

सातेरी : मुलांनी तसं लिहिलेलं नाही. 'समजूत' म्हणा. अंधश्रद्धा हा निवाडा झाला, आणि निवाडा देणं अनुवादकाचं काम नाही.

शाईपेन : एक नोंद अशी: लोणी घुसळताना कुणी घरी आलं तर त्याने चार हात मारायलाच हवेत, नाहीतर लोणी 'जातं'. आणि १ मे या दिवशी दूध घराबाहेर द्यायचं नाही.

तापीकाठ : आमची आई दिवेलागणीनंतर विरजण देत नसे. तिला अंधश्रद्ध मी कधी म्हटलं नाही, हे खरं.

गावगाडा : या वह्या आता कुठे आहेत?

शाईपेन : डब्लिनच्या विद्यापीठात, आणि संकेतस्थळावरही. हस्ताक्षरं टंकायचं काम हौशी लोक करतात. त्या गटाला 'मेहल' म्हणतात. मूळ अर्थ, शेजाऱ्यांनी एकत्र येऊन एकमेकांची कापणी उरकणं.

गावगाडा : इर्जिक!

रावसाहेब_जुने : इर्जिक नव्हे, सावड. इर्जिकीत मालक जेवण घालतो आणि फिटंफाट होते. सावडीत दिवसाला दिवस फेडावा लागतो.

गावगाडा : आमच्याकडे इर्जिकही फेडतात. न बोलावता जातात एवढाच फरक.

सातेरी : जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात पडकई म्हणतात, भातखाचरं बांधायला.

रावसाहेब_जुने : पडकईत खाचरं तयार करतात, कापणी नाही. सावडच बरोबर.