सामी मिखाएल वाचलाय का कुणी? पुढे काय वाचू?

पुस्तकभिशी:
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटात या महिन्यात हिब्रू साहित्य घेतलंय. अमोस ओझ आमच्याकडे बऱ्याच जणांनी वाचलेला, म्हणून मी मुद्दाम दुसरं नाव शोधलं आणि सामी मिखाएलची 'अ ट्रम्पेट इन द वादी' इंग्रजीतून वाचली. मूळ हिब्रू 1987 ची. हैफाच्या अरब वस्तीत राहणारी हुदा, तिची बहीण मेरी, म्हातारे आजोबा इलियास, आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलेला, ट्रम्पेट वाजवणारा रशियन ज्यू अलेक्स. शेवट सांगत नाही, पण अजून डोक्यातून जात नाहीये.

माझे प्रश्न असे. ज्यू लेखकाला अरब ख्रिश्चन घर इतकं आतून कसं कळलं? तो मानवी हक्कांच्या एका संघटनेचा अध्यक्ष होता असं वाचलं, ते उतारवयातलं मानाचं पद होतं की माणूस खरंच त्यात उतरला होता? आणि आता पुढे काय घेऊ?

नवगावची नात:
हुदाचं घर त्याला आतून कळतं, कारण तो तसल्याच घरांच्या शेजारी राहिला आणि त्याची मातृभाषा अरबीच. जन्म बगदादचा, 15 ऑगस्ट 1926. जून 1941 मध्ये तिथे ज्यूंची कत्तल झाली, तिला फरहूद म्हणतात. दोन दिवसांत दीडशेच्या वर माणसं मारली गेली. तेव्हा हा पंधराचाही नव्हता. त्याच सुमाराला तो भूमिगत कम्युनिस्टांमध्ये शिरला. 1948 ला अटकेचं वॉरंट निघालं तसा इराणात पळाला, तिथे तुदेह या इराणी कम्युनिस्ट पक्षात काम केलं, आणि बगदादला परतायची वाट बंद झाल्यावर 1949 मध्ये इस्रायलला पोचला. जीव वाचवायला आलेला माणूस होता तो. हे एकदा ध्यानात घेतलं की त्याच्या कादंबऱ्यांमधली बरीचशी अस्वस्थता समजते.

हैफात एमिल हबीबी या अरब लेखकाने आणि कम्युनिस्ट नेत्याने त्याला 'अल-इत्तिहाद' या कम्युनिस्टांच्या अरबी वर्तमानपत्रात घेतलं. राहायचा वादी निस्नासमध्ये, म्हणजे तुम्ही वाचलीत तीच वस्ती. 1955 ला पक्ष सोडला. रशियातल्या राजवटीवरचा विश्वास उडाला होता, पण गरिबाच्या, नाडलेल्याच्या बाजूने उभं राहायचं हे सुटलं नाही. मग मोठी शांतता. अरबीत लिहिलं तर त्या देशात वाचणार कोण, आणि हिब्रू अजून लेखणीत उतरलेली नव्हती. पहिली हिब्रू कादंबरी 1974 ला आली, तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता.

त्या कादंबरीबद्दल जरा सविस्तर सांगते. 'शावीम वेशावीम योतेर', म्हणजे समान आणि अधिक समान. अरब देशांतून आलेल्या ज्यूंना मआबारात, म्हणजे तंबू-पत्र्यांच्या छावण्यांत, कसं ठेवलं आणि युरोपातून आलेल्यांनी त्यांना कसं वागवलं, त्याची ही गोष्ट. माझी आत्या इस्रायलमध्ये डिमोनाला असते. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मूळचे नवगावचे, नंतर ठाण्याचे. तिच्याकडे या पुस्तकाची जुनी प्रत आहे, पाठीला चिकटपट्टी लावलेली. व्हिडिओ कॉलवर तिने मला त्यातला एक प्रसंग हिब्रूतून थेट मराठीत वाचून दाखवला. नुकत्याच उतरलेल्या इराकी कुटुंबावर डीडीटी फवारतात तो. वाचता वाचता चष्मा काढून म्हणाली, "पोरांवर मारलं तर पोरं विसरतील गं. पोरांच्या देखत बापावर मारलं, ते नाही विसरत."

मानवी हक्कांचं काम त्याच्यासाठी इथूनच सुरू होतं. असोसिएशन फॉर सिव्हिल राइट्स इन इस्रायल या संघटनेचा तो 2001 मध्ये अध्यक्ष झाला खरा, पण पॅलेस्टिनी राष्ट्र व्हायला हवं हे तो 1950 च्या दशकापासून सांगत होता, जेव्हा तसं बोलणारा माणूस शोधून सापडला नसता. आणि 2012 मध्ये, ऐंशी उलटून गेल्यावर, हैफातल्या एका परिषदेत त्याने अभ्यासकांच्या तोंडावर सांगितलं की प्रगत जगातला सर्वात वंशवादी देश हा किताब इस्रायलला मिळू शकतो. मानाची खुर्ची सांभाळणारा असं बोलत नाही.

भूजलवाला:
एक गोष्ट राहिली, माझ्या धंद्यातली म्हणून सांगतो. हा माणूस पोटासाठी जलशास्त्रज्ञ होता. पंचवीस वर्षं कृषी खात्यात, उत्तरेला सीरियाच्या सीमेलगतचे जलस्रोत तपासायचं काम. मी भूजल सर्वेक्षणात नोकरी केली, त्यामुळे झऱ्याची आवक मोजत महिनोन्महिने गावोगाव हिंडणं काय असतं ते मला माहीत आहे. पण आमच्या अंगावर कुणी तोफा डागल्या नाहीत! जॉर्डन नदी होते ती हासबानी, दान आणि बनियास या तीन प्रवाहांची. बनियासचा उगम तेव्हा सीरियाकडे, हासबानीचा लेबनॉनमध्ये. 1964 ला इस्रायलने तिबेरियास सरोवरातून दक्षिणेकडे पाणी नेणारा मोठा जलवाहक सुरू केला, अरब देशांनी वरचे प्रवाह वळवायला घेतले, आणि 1967 च्या युद्धापर्यंत त्या पट्ट्यात गोळीबार चालू राहिला. हा माणूस तिथे पाणी मोजत होता. पुढे 2001 मध्ये 'वॉटर किसिंग वॉटर' लिहिली, तिचा नायकही जलशास्त्रज्ञ.

नवगावची नात:
भूजलवाला काका, फार छान सांगितलंत. त्यात एक भर घालते. त्याच सीमेपलीकडे, दमास्कसच्या मर्जे चौकात, 18 मे 1965 ला इस्रायली हेर एली कोहेनला जाहीर फाशी दिली. कोहेनची बायको नादिया ही सामीची सख्खी बहीण. म्हणजे सीरियाने ज्याला फासावर चढवलं, तो याचा मेहुणा. आणि हाच माणूस पुढे इजिप्तचा कादंबरीकार नजीब महफूझ याची कैरोवरची तिन्ही पुस्तकं अरबीतून हिब्रूत आणायला बसतो, महफूझला नोबेल मिळायच्याही आधी. बहिणीच्या घरात एवढं दुःख असताना अरबी भाषेवरची माया त्याने तसूभर कमी होऊ दिली नाही. मला त्याच्या सगळ्या भाषणांपेक्षा हे मोठं वाटतं.

चौकट:
माणूस मोठा, मान्य. पण कादंबरीकार म्हणून? मी 'रेफ्यूज' वाचली, 1977 ची. 1973 च्या युद्धात शूला नावाची ज्यू बाई फातही या अरब कवीला घरात लपवते, नवरा मर्दुख आघाडीवर. कथानक जबरदस्त आहे, पण पानंच्या पानं पक्षातले लोक वाद घालतात. मला पक्षाच्या बैठकीला बसल्यासारखं झालं.

नवगावची नात:
वाद लांबलेत, खरंय. पण ती माणसं आयुष्यभर एका पक्षात एकत्र बसलेली आहेत. ज्यू आणि अरब एक, हे त्यांचं ब्रीद. युद्ध पेटल्यावर त्यातला एक दुसऱ्याच्या घरात आश्रित होतो आणि बाईला आपल्याच कॉम्रेडची भीती वाटू लागते. नवरा ज्या सैन्यात लढतोय त्याच सैन्याच्या धाकाने पाहुणा तिच्या घरात लपलाय. हे वादांमधूनच कळत जातं. एकदा फक्त शूलाकडे बघत वाचा. मिखाएल हैफा विद्यापीठात मानसशास्त्रही शिकला होता, ते तिच्यात दिसतं.

पुस्तकभिशी:
सगळ्यांचे मनापासून आभार. नवगावची नात, एक विचारू का? मुंबईतले बगदादी ज्यू, म्हणजे ससून वगैरे, आणि हा, हे एकच लोक का?

नवगावची नात:
मूळ एकच. डेव्हिड ससून बगदादहून बुशहरमार्गे 1832 च्या सुमारास मुंबईत आला. भायखळ्याचं मागेन डेव्हिड, काळा घोड्याचं निळं सिनेगॉग, ही त्यांचीच. पण ताई, हे लिहिताना मला जड जातं: त्याच बगदादींनी मुंबईत आम्हा बेने इस्रायलींना कमी लेखलं. आमचा रंग, आमची मराठी, आमच्या रीती पाहून आम्ही पुरेसे ज्यू नाही असं ठरवलं. आणि त्यांचेच बगदादचे भाऊबंद 1950-51 मध्ये लाखावर संख्येने इस्रायलला गेले, तेव्हा युरोपियन ज्यूंनी त्यांना त्याच नजरेने पाहिलं. आमच्या वाट्याला तिथे पुन्हा तेच आलं. 1962 मध्ये बेने इस्रायलींच्या लग्नांसाठी वंशाची चौकशी करायचा आदेश निघाला, आमची माणसं जेरुसलेमला धरण्याला बसली, आणि 1964 मध्ये तो मागे घ्यावा लागला. आत्या त्या धरण्यात होती, लुगडं नेसून.

म्हणूनच तिच्याकडे मिखाएलची ती प्रत आहे. बगदादी माणसाने लिहिली म्हणून सुरुवातीला हातात घेतली नव्हती तिने. शेजारणीने आग्रह केला म्हणून वाचली.

आता पुढे काय घ्यायचं ते. 'व्हिक्टोरिया' घ्या, 1993 ची, डोळे मिटून. आईच्या आयुष्यावरून सुचलेली, बगदादच्या ज्यू गल्लीतल्या एका वाड्याची गोष्ट. एका चौकाभोवती सगळी भावकी, उन्हाळ्यात गच्चीवर झोपणं, चुलत्यामालत्यांची भांडणं, भूक, आणि रफाएल या चुलतभावावर जीव लावून बसलेली व्हिक्टोरिया. गेलेल्या दिवसांचं गोड चित्र त्याने मुळीच काढलेलं नाही. बायकांचे हाल जसेच्या तसे मांडलेत, त्यामुळे इराकी ज्यूंमधले काही जण चिडलेही. आमच्या कोकणातल्या एकत्र घरांत वाढलेल्या कुणालाही तो वाडा परका वाटणार नाही. त्यानंतर 'रेफ्यूज'. 'आयदा' (2008) जमली तर बघा. सद्दामच्या बगदादवर आहे, आणि 1948 नंतर त्याने ते शहर पाहिलेलं नव्हतं.

तो 1 एप्रिल 2024 ला हैफात गेला, 97 वर्षांचा होऊन.

'व्हिक्टोरिया'ची इंग्रजी प्रत माझ्याकडे आहे. ठाण्याच्या आसपास असाल तर निरोप टाका, गटासाठी घेऊन जा. चर्चेच्या दिवशी वेळ जुळली तर आत्यालाही कॉलवर घेऊ, तिला मराठीत बोलायला कुणी मिळालं की फार आनंद होतो.