सीएनएनच्या ख्रिस लिक्टला नेमकं कशामुळे काढलं? (प्रेझेंटेशन आहे, मदत करा)

अमळनेरची_पोरगी
नमस्कार सगळ्यांना. मी जळगावला मास कॉमला आहे, आम्हाला 'नेतृत्वाचं अपयश' यावर एक केस मांडायचीये. वर्गातले सगळे बुडालेल्या एअरलाईन नि बँका घेऊन बसलेत, म्हणून मी सीएनएन हे अमेरिकेतलं न्यूज चॅनल घेतलं. आता मे २०२२ मध्ये ख्रिस लिक्ट प्रमुख झाला आणि ७ जून २०२३ ला गेला, म्हणजे जेमतेम १३ महिने. माझी पार्टनर म्हणते ट्रम्पचा टाउन हॉल (मतदारांसमोर प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम) केला म्हणून गेला, विषय संपला. पण मला ते पटत नाहीये, कारण तो कार्यक्रम झाला १० मे ला आणि माणूस गेला महिन्याने, आणि मालकाने तर त्या कार्यक्रमाची बाजूच घेतली होती. मग मधल्या महिन्यात काय झालं? का आधीपासूनच काहीतरी सडत होतं? सरांना "वाद झाला म्हणून काढलं" एवढंच सांगितलं तर ते उभं ठेवतील 😭

डेस्कवरचा_म्हातारा
काय पोरी, विषय चांगला घेतलास. मी जळगावात एका पेपरच्या डेस्कवर ११ वर्षं काढली (नाव विचारू नको), त्यामुळे मला यात सगळ्यात आधी दिसतो तो मजला.

लिक्टच्या आधी जेफ झकर होता, २०१३ पासून. त्याचं ऑफिस न्यूयॉर्कला १७व्या मजल्यावर, न्यूजरूमला लागून. सकाळच्या मीटिंगला हा स्वतः, कंट्रोल रूममध्ये फोन करून अँकरच्या कानात काय सांगायचं ते सांगणारा हाच. लिक्ट आला आणि बसायला गेला २२व्या मजल्यावर. तुला वाटेल पाच मजल्यांनी काय होतंय, लिफ्ट आहे की. पण भो, आमच्याकडे काय झालं सांगतो. आमचे जुने संपादक रात्री १० वाजता शेवटचं पान सुटेपर्यंत डेस्कजवळच खुर्ची टाकून बसायचे, चहा सगळ्यांचा एकत्रच यायचा, शिव्याही तिथेच मिळायच्या. एखादी हेडलाईन चुकली तर जागच्या जागी दुरुस्त. ते गेले आणि नवे साहेब आले, त्यांनी पहिलं काम काय केलं तर वरच्या मजल्यावर काचेचं केबिन, एसी, बाहेर शिपाई. माणूस हुशार होता हां, वाईट नव्हता. पण तीन महिन्यांत हालत अशी झाली की ते काय म्हणाले हे आम्हाला शिपायाकडून कळायचं, आणि आम्ही काय म्हणतो ते त्यांना कोणाकडून कळायचं ते तू समजून घे.

लिक्टचंही तेच. त्यात तो आला सीएनएन प्लसच्या राखेवर. ती स्ट्रीमिंग सेवा २९ मार्च २०२२ ला सुरू झाली आणि एप्रिल संपायच्या आत बंद, म्हणजे खुर्चीवर रीतसर बसायच्या आधीच त्याला लोकांसमोर उभं राहून "तुमच्या नोकऱ्या जाताहेत" सांगावं लागलं. ऑगस्टमध्ये सीएनएनचाच अँकर ब्रायन स्टेल्टर याचा मीडियावरचा शो बंद केला, वर्षाअखेर शेकडो लोक कमी केले. अशा वेळी साहेब खाली दिसायला पाहिजे होता. तो दिसला कुठे, तर मासिकाच्या पत्रकारासोबत.

हो, तुझा मधला महिना म्हणजे हाच. द अटलांटिकचा टिम अल्बर्टा वर्षभर त्याच्यामागे फिरत होता, लिक्टनेच दार उघडून दिलं होतं. २ जूनला १५ हजार शब्दांचा लेख आला. त्यात हा गडी जिममध्ये व्यायाम करता करता झकरला हे जमलं नसतं अशी फुशारकी मारतोय! ५ तारखेला, सोमवारी, स्टाफची माफी मागितली, बुधवारी घरी.

केळी_रावेर
म्हातारबा बरोबर बोलताय पण तुम्ही सगळं माप एकट्या लिक्टच्या पदरात टाकलं. मालकाचं काय? सीएनएनची मालक कंपनी वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी, ती एप्रिल २०२२ ला दोन कंपन्या एकत्र होऊन झाली तेव्हाच डोक्यावर जवळपास ५० अब्ज डॉलरचं कर्ज. तिचा प्रमुख डेव्हिड झॅस्लाव, त्याला खर्च कमी पाहिजे, वर चॅनल "मधोमध" पाहिजे, म्हणजे रिपब्लिकन पाहुणेही यायला पाहिजे आणि रेटिंगही पाहिजे. जॉन मलोन म्हणून त्यांचा मोठा भागधारक, तो तर विलीनीकरणाच्या आधीपासून जाहीर बोलत होता की सीएनएनने पुन्हा पत्रकारिता करावी. हे म्हणजे शेठ म्हणतो केळी कमी पाण्यात काढ, खत टाकू नको, आणि घड २५ किलोचा पाहिजे. बाग वाळली की सालदाराला हाकलला. शेठ शेठच राहिला ना?

भुसावळ_४६_डिग्री
हाई काय नवं शे का भो 😂 आमच्या सोसायटीत गेल्या ६ वर्षांत ४ सचिव बदलले, चेअरमन तोच.

धुळ्याची_वर्षाताई
मी धुळ्यात केबल चॅनलला बातम्या वाचायचे, त्यामुळे टाउन हॉलबद्दल मला बोलायचंच आहे, तो एवढा किरकोळ नव्हता. मतदारांसमोर लाइव्ह प्रश्नोत्तरं, न्यू हॅम्पशायरच्या एका कॉलेजात, समोर रिपब्लिकन आणि कुठल्याच पक्षाचे नसलेले मतदार. आदल्याच दिवशी ज्यूरीने ई. जीन कॅरोल या लेखिकेने केलेल्या खटल्यात ट्रम्पला लैंगिक अत्याचार आणि बदनामीसाठी जबाबदार धरून ५० लाख डॉलर भरायला सांगितले होते. दुसऱ्या दिवशी हा माणूस त्याच बाईची टिंगल करतो आणि हॉल हसतो, टाळ्या वाजवतो. सीएनएनची अँकर कॅटलन कॉलिन्स एकटी उभी, ती एक खोटं खोडून काढेपर्यंत याची पुढची तीन बोलून झालेली. लाइव्हमध्ये हे होतंच, कोणालाही बसवा. रेकॉर्ड करून दाखवता आलं असतं, टाळ्यावाले कमी बोलवता आले असते. हे अँकरचं काम नाही, वर बसलेल्याचं आहे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब स्टाफला काय सांगतात, तर अमेरिकेची चांगली सेवा झाली. ज्यांनी रात्रभर फोनवर शिव्या खाल्ल्या त्यांना! माझ्या मते माणसं त्या सकाळी हातची गेली, लेख नंतर आला.

एक मात्र, झकरला देव करू नका हं. २०१५-१६ ला ट्रम्पच्या सभा तासन्‌तास लाइव्ह दाखवणारं चॅनल त्याचंच होतं. आणि तोही काही सत्कार करून नाही गेला, सहकारी बाईशी असलेलं नातं कंपनीला सांगितलं नाही म्हणून फेब्रुवारी २०२२ ला राजीनामा द्यावा लागला. जवळ बसणारा साहेब आवडतो, तो बरोबरच असतो असं नाही.

डेस्कवरचा_म्हातारा
वर्षाताई, मान्य. आमचे जुने संपादक पण जाहिरातवाल्यांच्या बातम्या आत सरकवायचे, चहा पाजत पाजत.

केळीवाले भाऊ, तुमचंही खरं, पण सालदाराला निदान बाग माहीत पाहिजे. लिक्टची कमाई होती विनोदवीर स्टीफन कोल्बेअरच्या रात्रीच्या शोची आणि त्याआधी सकाळच्या शोंची. एक शो उत्तम चालवणं वेगळं, २४ तासांचं चॅनल चालवणं वेगळं. आणि गंमत बघा, सकाळच्या शोचा बादशहा म्हणून आणलेल्या माणसाचा स्वतःचा सकाळचा शोच फसला. अँकर डॉन लेमनला रात्रीच्या शोमधून उचलून सकाळी बसवलं, फेब्रुवारीत तो रिपब्लिकन नेत्या निक्की हेलीच्या वयावर नको ते बोलला, २४ एप्रिलला त्यालाही काढलं.

अमळनेरची_पोरगी
बापरे, एवढं एका रात्रीत! थँक्यू दादा, ताई, सगळेच. मग मी असं करते, सुरुवात मजल्यांपासून, मग ११ मे ची सकाळ, लेख शेवटी. शेठवाला मुद्दा घेऊ का? सर म्हणतील विषय नेतृत्वाचा आहे, मालकाचा नाही.

केळी_रावेर
घेच. सरांना विचार, लिक्टला निवडलं कोणी?

धुळ्याची_वर्षाताई
आणि नंतर ऑगस्टमध्ये कोणाला आणलं तेही टाक. मार्क थॉम्पसन, आधी बीबीसी चालवलेला, मग न्यूयॉर्क टाइम्स. म्हणजे दुसऱ्या वेळेला शो करणारा नाही, संस्था चालवलेला माणूस शोधला. शेठला पण १३ महिने लागले शिकायला.

भुसावळ_४६_डिग्री
प्रेझेंटेशन झालं की मार्क सांग ताई. ३५ च्या वर पडले तर भरीत पार्टी तुझ्याकडे, कळण्याच्या भाकरी आम्ही आणतो.