पितात दोघेही, मग इस्पितळात एकच का पोचतो?

रानजाई

'सरळरेषा' यांच्या पोस्टखाली चार ओळी लिहायला बसले आणि ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढते. त्यांचं म्हणणं असं: कामगार लवकर आजारी पडतो, लवकर मरतो, कारण तो जास्त पितो. ऑफिसातला माणूसही पितो, पण कुठे थांबायचं हे त्याला कळतं. तेव्हा 'सामाजिक विषमता' असल्या शब्दांमागे लपू नका, बाटली सोडा.

ज्या वाक्यावर हा सगळा डोलारा उभा आहे, तेच चुकीचं आहे. श्रीमंत देशांतल्या पाहण्यांमध्ये खालच्या थरातले लोक सरासरीने जास्त पीत नाहीत. उलट अजिबात न पिणारे तिथेच जास्त सापडतात. तरीही दारूने होणारे आजार आणि मृत्यू तिथेच जास्त. या कोड्यावर संशोधक कितीतरी वर्षं डोकं लढवताहेत.

स्कॉटलंडमधल्या 50,236 लोकांनी आरोग्य पाहणीत दिलेली उत्तरं त्यांच्या पुढच्या इस्पितळातल्या आणि मृत्यूच्या नोंदींशी जोडून पाहिली गेली. निष्कर्ष 2017 मध्ये छापून आले. सुस्थितीतल्या वस्तीत बेताने पिणाऱ्याच्या तुलनेत, तशाच वस्तीत अति पिणाऱ्याला दारूपायी दाखल व्हावं लागण्याचा धोका सुमारे सहापट निघाला. वंचित वस्तीत अति पिणाऱ्याला सुमारे दहापट. दोघेही अति पिणाऱ्यांच्याच गटातले. सिगारेट, वजन यांचा हिशेब केल्यावरही वंचित-सुस्थित हा फरक पुसला गेला नाही.

याचं कारण कामाच्या जागी डोळ्यांनी दिसतं. आदल्या रात्री प्यायलेला माणूस खुर्चीवर बसला तर त्याची चूक कागदावर होते. मशीनवर उभा राहिला तर बोटं जातात. एकाला पोटात दुखलं की तो दुपारी डॉक्टरकडे जाऊन येतो, दुसऱ्याचा खाड्याचा पगार कापला जातो म्हणून तो डोळे पिवळे होईपर्यंत जात नाही. यकृताला दारू एकटी गाठत नाही. अपुरी झोप, सिगारेट, निकृष्ट खाणं, सगळं मिळून येतं.

आणि हे फक्त गरिबीचं दुखणं आहे असंही नाही. 1967 पासून ब्रिटनच्या सरकारी कार्यालयांतल्या पुरुषांचा जो प्रसिद्ध अभ्यास झाला, त्यात सगळे नोकरदार होते, कुणी उपाशी नव्हतं. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा, म्हणजे निरोपे आणि दरवान यांचा मृत्युदर सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होता.

सरळरेषा

लांबलचक लिहिलंत, पण पाहणीत माणूस स्वतःच्या तोंडाने किती पेले सांगतो त्यावर हे सगळं उभं आहे. दारुडा खरं सांगतो? आणि जो सर्वांत वाया गेलेला आहे, तो पाहणीवाल्यांना दार उघडतो का? म्हणजे खालच्या थरातली खरी दारू तुमच्या आकड्यांत आलेलीच नाही.

माझ्या डोळ्यांसमोरचं सांगतो. दोन सख्खे भाऊ, एकाच खात्यात, एकाच पाळीला. साहेब तोच, पगार तोच. एक प्यायला आणि चाळिशीत गेला. दुसरा प्यायला नाही, निवृत्त होऊन नातवंडं खेळवतोय. यात विषमता कुठे आली?

दशांश

सरळरेषा यांचा पहिला मुद्दा रास्त आहे. पाहण्यांमध्ये विक्रीपेक्षा बरीच कमी दारू कबूल होते, हे सगळीकडचं निरीक्षण आहे. पण लपवाछपवी साहेबही करतात. सहापट आणि दहापट यांतलं अंतर निव्वळ त्याने भरून काढायचं तर गरिबाने साहेबापेक्षा फारच जास्त लपवायला हवं, आणि तसं का व्हावं याचं कारण तुम्ही दिलेलं नाही. दुसरा मुद्दा मात्र मुद्दाच नव्हे. दोन भावांवरून कसलाही निष्कर्ष निघत नाही.

रानजाईंनाही एक सांगायचंय. सरासरी सारखी असली तरी पिण्याची तऱ्हा सारखी नसते. आठवड्याचं सगळं एका रात्रीत रिचवणं आणि रोज थोडं घेणं यांत शरीराच्या दृष्टीने फार फरक आहे. तुम्ही तो एका ओळीतही घेतला नाहीत.

रानजाई

तऱ्हेचा फरक आहे, नाकारत नाही. स्कॉटलंडच्या त्या अभ्यासात एका बैठकीत भरमसाट पिण्याचाही हिशेब केला होता, तरी फरक उरला.

धाकटी_लेक

हे सगळं वाचून माझं डोकं फिरलंय. माझे वडील प्यायचे. ताण आणि अधिकार यांवरचं संशोधन मीही वाचलंय. कामाच्या ताणाचे अभ्यासक कारासेक यांची 1979 ची मांडणी अशी की कामाचा रेटा जास्त आणि त्यावर स्वतःचा ताबा कमी, तिथे माणूस खचतो. बाबांचा कामावर ताबा नव्हता, खरं असेल. घरात मात्र पूर्ण ताबा त्यांचाच होता. आईच्या पगारावर, आमच्या झोपेवर, कोणी कधी रडायचं यावरसुद्धा.

त्यांच्याच खात्यात न पिणारे कितीतरी होते. तुम्ही 'व्यवस्था' म्हणता तेव्हा तो माणूस चित्रातून निघून जातो. आणि आम्ही तर तुमच्या चित्रात नव्हतोच.

पाळीवाला

ताई, तुमच्यापुढे काही बोलायची माझी हिंमत नाही. पण सरळरेषा साहेबांना विचारतो. तुम्ही कुठल्या दाराने कामावर जाता?

आमच्याकडे पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर तोंडाला मशीन लावतात. ओळीत उभं राहून फुंकायचं. ऑफिसवाल्यांचं दार वेगळं, तिथे मशीन नाही. आमच्यातला एक कंत्राटी पोरगा सापडला, आदल्या रात्रीची उतरली नव्हती. त्याच दिवशी घरी, ना चौकशी ना नोटीस. त्याच वर्षी एक मॅनेजर भर बैठकीत पिऊन लडखडला. त्याला पगारी रजा, उपचार, आणि परत आला तो त्याच खुर्चीवर. बरा झाला, आनंद आहे. पण दोघांना रोग एकच होता ना?

शून्य_अपघात

सुरक्षा विभागात आयुष्य गेलंय माझं, म्हणून बोलतो. मशीन अपमान करायला लावत नाहीत. क्रेनखाली उभा असलेला माणूस वरच्याच्या भरवशावर उभा असतो. प्यायलेल्या ऑपरेटरने सोडलेला भार माझ्यासमोर पडलेला आहे. खाली जो होता तो कधीच दारूला शिवला नव्हता. त्याच्या बायकोला जाऊन सांगायचं काम मी केलंय. ऑफिसातल्या माणसाच्या टेबलावरून काय पडणार? फाईल! जोखीम जिथे, तपासणी तिथे.

पाळीवाला

भार पडतो हे मला शिकवू नका, मी रोज त्याच्याच खाली असतो. पण सलग रात्रपाळ्या आणि वर ओव्हरटाइम लावून त्या ऑपरेटरला वर कोण पाठवतं? तो कागद फाईलवाल्या टेबलावरूनच येतो. त्या टेबलाला फुंकायला लावा.

शून्य_अपघात

हा फाटा फोडणं झालं. थकवा वेगळा, दारू वेगळी.

दशांश

अजिबात वेगळी नाही. 2015 मध्ये 14 देशांतल्या 3,33,693 लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तर जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये जास्त पिण्याची शक्यता सुमारे 11 टक्क्यांनी अधिक निघाली. ज्यांचा पुढे काही काळ माग ठेवला, त्यांत आठवड्याला 49 ते 54 तास काम करणारे धोकादायक पिण्याकडे वळण्याची शक्यता सुमारे 13 टक्के जास्त. फरक डोंगराएवढा नाही, पण दिशा स्पष्ट आहे. आणि तो वरच्या-खालच्या दोन्ही थरांत सारखाच दिसला, हे पाळीवाल्यांनीही ऐकून घ्यावं.

मशीनबद्दल: चालकांच्या अचानक चाचण्यांवर 2009 चं कॉक्रेन पुनरावलोकन आहे, म्हणजे झालेले सगळे अभ्यास एकत्र तपासणारा आढावा. निकषात बसणारे अभ्यास जेमतेम दोन सापडले. एकात दारूच्या चाचण्या सुरू झाल्यावर दुखापती लगेच घटल्या, पण आधीपासून चालू असलेल्या उतरत्या कलात लांब पल्ल्याचा फरक दिसला नाही. तेव्हा दोघांनीही आवाज खाली आणा.

निळी_शाई

ऑफिसच्या दाराआड काय चालतं तेही ऐका. मी पीत नाही. टीमची प्रत्येक पार्टी म्हणजे दारू, आणि कुणाला कुठला प्रकल्प द्यायचा हे तिथेच ठरतं. हातात सरबत घेऊन उभी राहिले तर 'मिसळत नाही' असा शेरा वार्षिक मूल्यमापनात आला. खालच्याला प्यायला म्हणून काढतात, वर न पिणाऱ्याला मागे ठेवतात. 'ऑफिसवाल्याला थांबता येतं' म्हणणाऱ्यांनी एकदा त्या पार्टीला यावं. कुणी थांबत नाही. घरी सोडायला गाडी असते, आणि दुसऱ्या दिवशी 'घरून काम करतो' म्हणता येतं.

शून्य_अपघात

पार्ट्यांचं पटलं, आणि ते बंद व्हायला हवं. पण त्यामुळे माझ्या गेटवरचं मशीन कसं चूक ठरतं, ते कुणी सांगितलेलं नाही.

रानजाई

मशीन चूक नाही, ते एकाच दारावर आहे हे चूक. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची 1996 ची आचारसंहिता आहे: दारूचा त्रास हा आरोग्याचा प्रश्न मानायचा, इतर आजारांना जी वागणूक तीच याला, आणि पिण्यावरचे निर्बंध व्यवस्थापनाला आणि कामगारांना एकच. क्रेनवर प्यायलेल्याला चढू देऊ नका, मी दहा वेळा म्हणेन. पण खाली उतरवल्यावर त्या पोराचं काय करायचं? मॅनेजरला उपचार मिळाले आणि तो जगला. त्या पोराची नोकरी गेली, तिच्याबरोबर डॉक्टर गेला, रोजचा दिनक्रम गेला. असे दोघे पुढच्या पाहणीत 'अति पिणारे' या एकाच रकान्यात येतात, आणि मग एक मेला की आपण विचारतो, त्याला थांबता का आलं नाही?

सरळरेषा

सगळे गेटवर अडकलात. माझा मूळ मुद्दा दारूचा होता आणि तो अजून तसाच आहे. तुमच्याच लाडक्या स्कॉटलंडने 1 मे 2018 पासून दारूला किमान भाव ठरवला, एका युनिटला, म्हणजे 10 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलला, 50 पेन्स. 2023 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं की निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा 13.4 टक्क्यांनी कमी झाले, आणि सर्वांत जास्त घट सर्वांत वंचित भागांत. ना कामाचे तास बदलले, ना श्रेणी मोडल्या. दारू महाग केली, लोक कमी प्यायले, कमी मेले. उलटं बघायचं तर फिनलंडने 2004 मध्ये दारूवरचा कर सरासरी एक तृतीयांश उतरवला आणि मृत्यू वाढले, तेही जास्त करून खालच्याच थरात. म्हणजे बाटलीच ना?

दशांश

यावर रानजाईंनी उत्तर द्यायला हवं. हा या धाग्यावरचा सर्वांत भक्कम प्रतिवाद आहे.

धाकटी_लेक

रानजाई देतील तेव्हा देतील. मी आधी एक लिहिते, जे कालपासून लिहायचं टाळत होते, कारण ते सबब वाटेल. बाबांना पहिल्यांदा कामावर पकडलं तोवर ते फक्त शनिवारी प्यायचे. कामावरून काढल्यावर रोज प्यायला लागले. पाळीवाला, तुमच्या त्या पोराचं काय झालं ते मला विचारायचंही नाही. मी बाबांना माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. पण त्यांना काढणाऱ्यांनी आमच्या घरात काय पाठवलं, हेही कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं.

सरळरेषा

ताई, तुमच्याशी वाद नाही. मशीन दोन्ही दारांवर हवं, ठीक. काढण्याआधी उपचाराची एक संधी, तीही ठीक, एकच. पण दारूच्या भावाबद्दल रानजाई अजून गप्प आहेत.

रानजाई

गप्प नाही. भाव वाढवा, मी कधी नको म्हटलं? भाव वाढल्याने वंचित भागात मरणं सर्वांत जास्त घटली, कारण मरत सर्वांत जास्त तिथेच होते. दारू कमी झाली की सगळ्यांचाच धोका उतरतो, त्यावर आपलं भांडण नाही. पण उरलेली दारू अजूनही दोघांना सारखी बाधत नाही, आणि तुमच्या पोस्टमध्ये नेमकं तेच गाळलेलं होतं. शिवाय व्यसनाच्या विळख्यात पूर्ण सापडलेल्यांपैकी काहींनी महाग बाटलीसाठी खाण्याचे पैसे वळवले, हेही त्याच स्कॉटलंडमधल्या मूल्यमापनात नोंदलं आहे. त्यांच्यासाठी भाव पुरेसा नाही, उपचार लागतात. ते तुम्ही एकदाच देणार म्हणता. हे व्यसन एका फटक्यात सुटत नाही, पुन्हा पुन्हा उलटतं. त्या मॅनेजरला दुसऱ्यांदा गरज पडली तर कुणी 'एकच' म्हणेल का, तेवढं सांगा.