लोकांच्या घरी राहून त्यांची मुलं सांभाळलीत? तुमचे अनुभव लिहा

वडगावची मावशी
हल्ली नटनट्यांच्या घरचे फोटो येतात बघा, त्यात बाळाच्या तोंडावर बदामाचं चित्र चिकटवलेलं असतं. मुलाचा चेहरा दाखवू नका असं आईबाप सांगतात, ते बरोबरच आहे. पण बाळ ज्या बाईच्या कडेवर असतं तिचं तोंड तसंच उघडं. परवा लेकीनं असाच एक फोटो दाखवला आणि माझी मुंबईची सगळी वर्षं आठवली.

मी बांद्र्याला एका सिनेमावाल्यांच्या घरी चोवीस तासांच्या कामाला होते. नाव सांगणार नाही, तसं कागदावर लिहून दिलंय. आमच्या बेळगावातल्या वडगाव-शहापुरातले माग एकेक करून बंद पडत गेले तेव्हा आमचाही बंद पडला. ओळखीच्या एकीनं मुंबईत एजन्सीत नेलं. माझी लेक इकडे आजीजवळ.

बाळ माझ्या हातात आलं तेव्हा बारसंही व्हायचं होतं. दूध किती वाजता, किती मिली, शी कधी, झोप किती, सगळं मोबाईलवरच्या ग्रुपात टाकायचं. त्या ग्रुपात आई, बाबा, दोन्हीकडच्या आज्या, मॅनेजर. बाटल्या मशीनमध्ये उकळायच्या, चिमट्यानं उचलायच्या, झाकणाच्या आतल्या कडेला बोट लागू द्यायचं नाही. खोलीत कॅमेरा. पण रात्री दोनला बाळ कळवळायचं तेव्हा त्याला उभं धरून, पाठीवरनं हात फिरवत, मी आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या म्हणायची. घरातलं सगळं बोलणं इंग्रजी-हिंदीत, पोरानं पहिल्यांदा काय म्हटलं तर ‘आलंय’. दाराची बेल वाजली की ‘आलंय, आलंय’.

पोर शाळेत जायला लागलं आणि काम संपलं. ‘तो झोपल्यावर निघा, उगाच रडेल’ असं सांगितलं. निघाले. त्यांच्यावर राग नाही माझा. पगार एकदाही चुकला नाही, लेकीच्या डिप्लोमाची फी त्यांनीच भरली. पण मुलाला सांगून निघू द्यायला हवं होतं, हे मी आजही म्हणते. सकाळी उठल्यावर त्यानं मला कुठल्या कुठल्या खोलीत शोधलं असेल?

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीच्या किती बाया अशा कामाला गेल्यात. लिहा गं.

खानापूरचा पोरगा
मावशी, वाचून पोटात तुटलं. दुकानात गिऱ्हाईक आहे, रात्री लिहितो.

चंदगडची सून
मी गोव्यात होतो, पणजीजवळ, मोठे हॉटेलवाले. त्यांच्याकडं पेपरवाले, मंत्री सगळे यायचे. पहिल्या दिवशी ओवा, वावडिंग, शेपा घेऊन धुरीची तयारी केलो तर बाळाची आई म्हणाली डॉक्टर नको म्हणतात, धुरानं छाती भरती. बरं म्हटलो, शेगडी बाहेर ठेवलो. मध पण एक वर्षाच्या आत द्यायचा नाही म्हणाल्या. ते मात्र खरंच हाय, आमच्या गावच्या नर्सबाईपण आता तेच सांगत्यात. पण अंघोळ माझ्याच हातची पायजे! पाटावर बसून, पाय लांब सोडून, पोराला पायांवर पालथं घातलो की एकदम गप. सगळं घर बघायला गोळा व्हायचं. त्या बाईनं स्वतः शिकून घेतलं माझ्याकडनं. चांगली बाई.
गावाकडं यायचं म्हणजे चोर्ला घाटातनं. पावसात एकदा दरड पडून रात्रभर बसमधी बसलो, त्याची गोष्ट येगळी.

निपाणीकर
चोर्ला आता कसा आहे? शनिवारी गाडी घेऊन जायचंय, बरोबर वडील आहेत.

जांबोटीचा पाऊस
कणकुंबीच्या पुढं धुकं फार. सकाळी उजाडल्यावर निघा, वडिलांना जांबोटीत चहा पाजा.

टिळकवाडीतून
मी दुसऱ्या बाजूची. मावशी, तुमच्या लेकीसारखी, आजीजवळ राहिलेली. आई बेंगळुरात सदाशिवनगरला, एका बड्या राजकारणी घराण्यात. गणपतीला राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं यायची. मी आणि आजी पहाटेच स्टेशनवर. आईच्या पिशवीत त्या मुलाचे आखूड झालेले कपडे असायचे माझ्या भावासाठी, आणि पाकिटात त्याचा फोटो. माझाही होता, पण त्याच्या मागे. मला त्या मुलाचा फार राग यायचा. आई माझी वेणी घालताना सुद्धा त्याच्याबद्दल बोलायची, तो काय खातो, कशाला घाबरतो.
आजी वारली तेव्हा तो आईबरोबर आला, बारावीतला पोरगा. आमच्या अंगणात मातीत बसून राहिला, आईचा हात धरून. कन्नडमध्ये तिला ‘अम्मा’च म्हणतो. त्या दिवशी राग गेला. आता दर वर्षी राखी पाठवते.

वडगावची मावशी
बाळा, तू लिहिलंस ते माझ्या लेकीला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, येऊन शेजारी बसली. तुझी आई कशी आहे आता?

टिळकवाडीतून
गुडघे दुखतात. बाकी छान. अनगोळला असते माझ्याकडेच.

कडोलीची
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. मी एका क्रिकेटरच्या घरी. टीमबरोबर गावोगाव हॉटेलं. स्टेडियममध्ये बाळाच्या कानांना मोठे हेडफोन लावायचे, आवाज सोसत नाही म्हणून. दिव्यांनी पण चिरचिरायचं, त्यामुळे मी मैदानाकडे पाठ करून बसायची. एवढ्या मॅचना गेले, एक चेंडू पाहिला नाही. विमानात बाळाची आई पुढे, मी मागे, बाळ रडलं की बोलावणं. माझ्या फोनच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावायला लावलेलं. ते पटलं मला, मुलाचा फोटो बाहेर गेला तर कोण जबाबदार?
नवीन जाणाऱ्यांना सांगते, आठवड्याची सुट्टी आणि रात्रीच्या जागरणाचं आधी बोलून घ्या, कागदावर घ्या. ‘घरच्यासारखं’ म्हणतात आणि सुट्टी विसरतात.

येळ्ळूरचे सर
पुरंदरावर 1657 मध्ये संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाई आजारी, म्हणून कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांना दूध पाजायला आणलं. तिचं नाव आज शाळेतली पोरंही सांगतात. अलीकडचं म्हणाल तर जुलै 2024 मध्ये अनंत अंबानींचं लग्न झालं तेव्हा लहानपणी त्यांना सांभाळणाऱ्या नर्स ललिता डिसिल्वा यांनी जुना फोटो टाकला होता. करीना कपूरच्या तैमूरलाही त्यांनीच सांभाळलं. त्यांना लग्नाला बोलावलं, हे मला फार आवडलं. सांभाळणाऱ्या बाईला नाव असावं आणि बोलावणं यावं.

खानापूरचा पोरगा
दुकान बंद करून आलो. आमची आत्या पुण्यात एका उद्योगपतीकडे होती. म्हातारी झाल्यावर हातात काही नाही, ना पीएफ ना पेन्शन. म्हणून सांगतो, ई-श्रम कार्ड काढा, असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी असते ती. 2021 पासून सुरू आहे, वय 16 ते 59, आधार, त्याला जोडलेला मोबाईल आणि बँक खातं लागतं, शहरातल्या कुठल्याही सेवा केंद्रात होतं. महाराष्ट्रात काम करत असाल तर तिकडं 2008 च्या कायद्याचं घरेलू कामगार मंडळ आहे, तिथंही नोंदणी करा. आपल्या कर्नाटकात घरकामाला किमान वेतन 2004 पासून लागू आहे, कुणी सांगत नाही. आणि कुणी अंगाला हात लावला तर 2013 चा कायदा घरकामाच्या बाईलाही आहे, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं तक्रार देता येते.

निपाणीकर
आमच्याकडं विडी वळणाऱ्या बायांना निदान विडी कार्ड तरी आहे, दवाखाना मिळतो. हे खरंच सगळ्यांना कळायला पाहिजे. सरांना नमस्कार, मी तुमचाच विद्यार्थी, मागच्या बाकावरचा.

येळ्ळूरचे सर
ओळखलं रे! वडिलांना कसं आहे?

उचगावची
मधेच विचारते, कुणाला माहीत असेल तर लगेच सांगा. माझी वहिनी कुवेतला एका शेखच्या घरी मुलं सांभाळायला जाणार. एजंट म्हणतो आधी टुरिस्ट व्हिसावर चल, तिकडं गेल्यावर बदलू. पासपोर्टवर ईसीआर लिहिलंय म्हणजे काय?

कडोलीची
अजिबात नको!! माझी मावसबहीण मस्कतला आहे म्हणून माहिती. दहावी झालेली नसली की पासपोर्ट ईसीआर असतो, म्हणजे कामाला बाहेर जायच्या आधी सरकारी तपासणी लागते. तशा बाईला घरकामासाठी आखाती देशात जायचं तर वय 30 पूर्ण लागतं, सरकारची परवानगी लागते, करार सरकारच्या ई-मायग्रेट साईटवर चढवावा लागतो. टुरिस्ट व्हिसावर गेली तर तिकडं तिची नोंदच नाही. एजंट नोंदणीकृत आहे का ते त्याच साईटवर बघता येतं. वहिनीचं वय किती?

उचगावची
27. नववी शिकलेली.

कडोलीची
मग तो फसवतोय. पैसे दिले का?

उचगावची
दादा आत्ताच निघालाय पैसे घेऊन, खडेबाजारात भेटणार आहेत. फोन लावते.

वडगावची मावशी
लाव लाव. लागला नाही तर मला सांग, माझा पुतण्या खडेबाजारातच असतो, त्याला पाठवते.

उचगावची
लागला. परत फिरला.