मॅटॅडोर कॅम्परसाठी कबाडातल्या गाडीतून काय काय काढू?

मामाची_मॅटॅडोर: नमस्कार मंडळी, मामांची 1988 ची टेम्पो मॅटॅडोर आता माझ्याकडे आली. त्यांनी तेव्हाच सुताराकडून मागे दोन बेड, सिंक, सिलिंडरची पेटी करून घेतलेली, लहानपणी पेंच-पचमढी सगळं त्यातच केलं आम्ही. इंजिन मर्सिडीजवालं ओएम 616, धूर मारते पण चालते. वाडीकडे एका कबाड्याजवळ अशीच एक पडून आहे, तो म्हणते शनिवारी काय पाहिजे ते काढून ने, रविवारी कटर लावतो. एका दिवसात काय काय काढू? इंजिनच उचलू का पूर्ण, 12 हजारात देतो म्हणून राह्यला. आणि हो, आपल्या गाडीचं छत गळते, बेडखालचा प्लाय फुगलाय.

खटारावाला: इंजिनच्या नादी नको लागू बापा. 616 टेम्पोवाल्यांच्याच ट्रॅक्स, ट्रॅव्हलर गाड्यांमध्येही होतं, त्यामुळे त्याचे पिस्टन, गॅस्केट मिळून जातात. मिळत नाही ती काच. समोरची काच, सरकत्या खिडक्या, दाराचे हँडल, बिजागऱ्या, मीटर, हे आधी काढ, मग गाडी पुढच्या चाकांवर ओढते म्हणून ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणारे दांडे) जॉइंटसकट. ब्रेकचे होज न रबर किट मात्र नवीनच टाक, कबाडातले नको. मी समोरच्या काचेसाठी आठ महिने फिरलो, शेवटी सापडली तर पोट्ट्याने रबरात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकली, टक्क आवाज न सगळा साबुदाणा! आपल्याकडच्या उन्हात रबर लाकूड होऊन जाते, ब्लेडनं कापूनच टाक, रबर काय मीटरवर मिळते.

फाइल_पुढे_सरकेना: इंजिन घेतलं तर नंबर बदलते, तो आरसीवर चढवावा लागते, आणि त्या गाडीचे कागद कबाड्याजवळ नसले तर बसा चकरा मारत. मी दीड वर्ष मारल्या. व्हिंटेज नंबरचं (जुन्या गाड्यांची वेगळी नोंदणी) कोणी सांगेल तर त्याला 50 वर्षं पूर्ण पाहिजेत, म्हणजे तुझी 2038 मध्ये. तोवर दर 5 वर्षांनी आरसी रिन्यू कर.

मोक्षा_काकू: अरे पण पाऊस महिन्यावर आला, आधी छत बघ ना! पाणी एका जागी शिरते न टपकते दुसरीकडेच. प्लाय काढ, खालच्या पत्र्याला स्क्रू ड्रायव्हरनं टोचून पाह्य, आत गेला तर तेवढा पत्रा कापून नवीन वेल्ड करायचा, वरून पुट्टी नाही. सांध्यांना सिलिकॉन लावू नको, नंतर त्याच्यावर रंग धरत नाही, पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट घे. आमच्या ह्यांनी सिलिकॉनच्या पाच ट्यूबा ओतल्या होत्या, खरवडायला मला दोन रविवार लागले. आणि सिलिंडरच्या पेटीला तळाशी भोक आहे का? गॅस जड असते, खालीच साचते.

मामाची_मॅटॅडोर: जाऊन आलो. समोरची काच गादीत गुंडाळून सलामत आणली, दोन खिडक्या न डावा शाफ्ट निघाला, उजव्याचा नट 45 डिग्रीत काही हललाच नाही, पाना वाकला. इंजिन सोडलं. काकू, पेटीला भोक होतं, मामांनी त्यात बूच ठोकून ठेवलेलं, झुरळं येतात म्हणून 🙏

मोक्षा_काकू: बूच काढ आधी! जाळी लाव.