मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या घटस्फोटात पेन्शनची किंमत कशी धरायची?

नमस्कार. धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे. ती लेस्टरला असते. 19 वर्षांच्या संसारानंतर घटस्फोट चालू आहे. नवऱ्याची नोकरी सरकारी, पेन्शन आजन्म मिळणारी आणि महागाईबरोबर वाढणारी. मुलांपायी हिने बरीच वर्षं अर्धवेळ काम केलं, त्यामुळे हिच्या खासगी फंडात थोडीच रक्कम आहे.

तो म्हणतो, "घर तू ठेव, पेन्शनवरचा हक्क सोड." घरातला त्याचा वाटा आणि पेन्शनचा सीईटीव्ही, म्हणजे आज ती दुसरीकडे हलवली तर मिळणारी किंमत, हे आकडे कागदावर जवळपास सारखेच दिसतात. पण तेवढ्या पैशात बाजारातून तशी पेन्शन विकत घ्यायला गेलं तर बरीच कमी येईल ना? घराच्या भिंतींतून म्हातारपणी महिन्याचा किराणा येत नाही, हीच माझी काळजी.

डिसेंबर 2000 पासून तिथलं कोर्ट पेन्शनचा हिस्सा थेट जोडीदाराला देऊ शकतं. त्यासाठी पेन्शन-तज्ज्ञ अ‍ॅक्चुअरीचा अहवाल कुणी मागवला आहे का? खर्च कुणी केला? आणि वाटणी रकमेची करावी की निवृत्तीनंतरच्या उत्पन्नाची? पुढच्या महिन्यात सही करायची आहे, कृपया लवकर सांगा.